शेवट गुरुजींनी लपवला

ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातल्या आमच्या धानाच्या गावात वाचनालयातर्फे महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. मागच्या चैत्रात एक जुना ऑस्ट्रेलियन सिनेमा लावला. त्यात सहलीला गेलेल्या काही पोरी हरवतात आणि ते रहस्य शेवटपर्यंत सुटत नाही. आमच्या नशिबानं शेवटची पाच-सात मिनिटं उरली असताना लाइट गेली ती रात्री दोनला आली. सकाळी गावभर बातमी अशी, की पोरी कुठं गेल्या ते अगदी शेवटी दाखवलं होतं आणि नेमकं तेच आपलं हुकलं. तिसऱ्या दिवशी बातमीत सुधारणा झाली: गुरुजींना शेवट मालूम आहे, पण सांगत नाहीत.

पुढचा दीड महिना मी या आरोपाखाली काढला. त्यात एक चूकही केली. ती का झाली आणि तिच्यातून काय कळलं, हे मांडण्यासाठी हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. गावोगाव सिनेमे दाखवणारे माझ्यासारखे आणखीही असतील, त्यांच्या कामी येईल.

सिनेमा आणि प्रेक्षक

सिनेमा म्हणजे 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक'. साल 1975, दिग्दर्शक पीटर वीअर, त्या वेळी जेमतेम तिशी ओलांडलेला. मूळ कादंबरी जोन लिंडसे या बाईंची, 1967 सालची. गोष्ट दोन ओळींत संपते. 14 फेब्रुवारी 1900 रोजी मुलींच्या एका निवासी शाळेची सहल व्हिक्टोरिया प्रांतातल्या हँगिंग रॉक नावाच्या पहाडीवर जाते. जेवणानंतर चार मुली वर चढतात. त्यांतली एक किंचाळत खाली येते. बाकी तिघी आणि गणिताच्या बाई गायब. आठवडाभरानं तिघींपैकी एक जिवंत सापडते, पण तिला काहीच आठवत नाही. उरलेल्यांचं काय झालं ते कादंबरीही सांगत नाही आणि सिनेमाही नाही.

आमचा प्रेक्षक झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांवर पोसलेला आहे. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव हिंडतात. कुठं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, कुठं मंडई, म्हणजे गावची जत्रा. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडं आरवेपर्यंत नाटक चालतं. मध्ये गाणी, मध्ये विनोदी पात्राचा धिंगाणा, आणि शेवटी खलनायकाचा निकाल लागल्याशिवाय कोणी सतरंजी झटकत नाही. अशा लोकांपुढे बिननिकालाचा सिनेमा लावायचा म्हणजे मुरमाड जमिनीत रोवणी करण्यासारखं, असं आमचे ग्रंथपाल म्हणाले. मी हट्टानं लावला. खरं कारण सांगायचं तर तो सिनेमा मी कॉलेजात असताना नागपुरात एकदा पाहिला होता आणि तीस वर्षं तो डोक्यातून गेला नव्हता. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात तो असाच अडकतो का, हे मला बघायचं होतं.

व्यवस्था नेहमीचीच. वाचनालयाच्या मागच्या भिंतीला चुना मारलेला, तोच पडदा. प्रोजेक्टर शाळेतला, स्पीकर भजनी मंडळाचा. सिनेमा इंग्रजीत, म्हणून मी माईक घेऊन बाजूला बसतो आणि संवाद आपल्या बोलीत सांगत जातो. साठेक माणसं होती. बायकांची संख्या नेहमीपेक्षा कमी, कारण मोह पडत होता आणि पहाटे चारला टोपली घेऊन निघायचं असतं.

पहिली रात्र

सिनेमा सुरू होताच पडद्यावर मजकूर येतो: अमुक दिवशी अमुक ठिकाणी सहल गेली, तिच्यातले काही जण मागमूस न ठेवता नाहीसे झाले. मी ते वाचून दाखवलं तर मागून एकजण म्हणाला, "गुरुजी, सारंच सांगतलं तं आता पाहाचं काय?"

प्रश्न बरोबर होता, आणि या सिनेमाची सगळी करामत त्याच प्रश्नात आहे. काय होणार हे पहिल्या मिनिटालाच कळल्यामुळे पुढे काय होईल याची धाकधूक उरत नाही. मग माणूस वेगळंच बघायला लागतो. मुलगी केस विंचरते, फूल दाबायच्या यंत्रात घालते, केक कापते, आणि प्रत्येक वेळी आपल्या मनात येतं, हिचं हे शेवटचं. गावात ज्यांच्या घरचं माणूस अचानक गेलं आहे त्यांना ही नजर ओळखीची आहे. "सकाळी चहा पिऊन गेला होता" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक मयतीच्या घरी ऐकू येतं.

सहलीत घड्याळं बाराला बंद पडतात. मी ते सांगितलं आणि जुन्या बायकांच्या रांगेतून एक "हंऽ" असा आवाज आला. पुढे चर्चेत मला त्याचा अर्थ कळला. शहरातला माणूस भुताचं म्हटलं की रात्र धरतो. आमच्याकडे दुपारचे बारा तितकेच वाईट. भर उन्हात नदीवर, विहिरीवर, चिंचेखाली एकट्या पोरीनं जायचं नाही. ब्रह्मपुरीचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला हे पटवून द्यावं लागत नाही: रस्त्यावर कुत्रं नाही, पानं हलत नाहीत, झिलमिल झिलमिल हवा, आणि कानात एक बारीक सूं. भीती वाटण्यासारखं काही नसतं आणि तरी पाय उचलत नाही. वीअरनं अख्खा भयपट या बारा वाजताच्या उन्हात बसवला आहे. रसेल बॉइड या छायालेखकानं भिंगावर नवरीच्या चेहऱ्यावरचं जाळीचं कापड लावून चित्रण केलं, त्यामुळे सगळं दृश्य उन्हानं विरघळल्यासारखं दिसतं. त्याला त्या कामासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. आमच्या चुन्याच्या भिंतीवर ते आणखीच विरघळलं.

आवाजाचं तर वेगळंच झालं. वीअरनं पहाडीच्या दृश्यांत भूकंपाचे ध्वनिमुद्रित आवाज संथ करून मिसळले आहेत. साध्या टीव्हीवर ते जाणवतही नसतील. पण भजनी मंडळाचा स्पीकर ढोलकीसाठी घेतलेला, खालचा सूर भारी. मुली कपारीतून वर जाऊ लागल्या तसा वाचनालयाच्या पडवीचा पत्रा थरथरायला लागला. एका खिळ्याचा वायसर ढिला होता, तो किणकिणत राहिला. लोक मागे वळून पत्र्याकडे बघत होते. मी स्पीकर कमी करायला उठलो आणि परत बसलो.

त्या चढणीत संवाद फार थोडे आहेत. मी सवयीनं मोकळ्या जागा भरायला लागलो: आता त्या वर जात आहेत, आता त्यांनी जोडे-मोजे काढले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी वळून म्हणाली, "गुरुजी, जरा चूप राहा जी. आमाले दिसून रायलं ना." मी माईक मांडीवर ठेवला. वर्षभराच्या खेळांत मला कोणी गप्प केल्याची ती पहिली वेळ.

पुढचा तासभर सिनेमा पहाडी सोडून शाळेत येतो. शोध, पोलीस, अफवा, फी थकल्याची पत्रं, मुलींना घेऊन जाणारे पालक. शाळेच्या मालकीणबाई हळूहळू दारूत बुडतात. सारा नावाच्या अनाथ मुलीचा सगळा राग-लोभ त्या हरवलेल्या मिरांडाशी जडलेला, तिचे हाल होतात. या भागात दहा-बारा जण उठून गेले, बहुतेक तरुण पोरं. नंतर माळ्याला काचघरात साराचं प्रेत सापडतं, तो धावत शाळेत येतो, मालकीणबाई काळे कपडे घालून टेबलापाशी बसल्या आहेत... आणि लाइट गेली.

गावानं केलेला तपास

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती. चहाच्या टपरीवर, हापशीवर, मोहाच्या झाडाखाली, सगळीकडे तोच विषय. सिनेमाचं नाव कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून 'पोरी हरपल्याचा पिच्चर'.

पहिला तर्क अर्थातच वाघ. आमच्या भागात जंगलात गेलेलं माणूस परतलं नाही की दुसरा विचार कोणी करत नाही. मी म्हणालो, ऑस्ट्रेलियात वाघ नाही. मग बिबट. तोही नाही. यावर एका काकाजींचा माझ्यावरचा विश्वासच उडाला. "बिबट नाही असं कोनतं जंगल राहाते?"

पण वाघाचा तर्क मोडला तो माझ्या भूगोलानं नाही. तेंदूपत्त्याला वर्षानुवर्षं जाणाऱ्या एका बाईनं तो मोडला. ती म्हणाली, वाघ नेते तं निशानी ठेवते. एक चप्पल राहाते, लुगड्याची चिंधी राहाते, ओढत नेल्याचा पट्टा राहाते, पाटी उलटी पडली राहाते. इथं काहीच नाही. आणि ती एक सापडली, तिचे पाय कसे होते? मी सांगितलं, अनवाणी गेली होती, नखं तुटलेली, हात सोललेले, पण पाय स्वच्छ. ती थोडा वेळ गप्प बसली. "पाय सोच्छ? मंग ते चाललीच नाही."

मी समीक्षकांचं बरंच काही वाचलं आहे. त्या पायांवर इतकं नेमकं कोणी बोट ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

पोलीस पाटलांनी प्रकरण आपल्या पद्धतीनं घेतलं. शेवटचं कोणी पाहिलं, किती वाजता, साक्षीदाराचा जबाब का बदलला. किंचाळत आलेल्या मुलीला नंतर आठवतं, की गणिताच्या बाई घागऱ्याशिवाय वर जात होत्या. पाटील त्यावरच अडून बसले. त्यांच्या मते बाईंना धरलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. गावात एकूणच गणिताच्या बाईवर कोणाचा विश्वास नव्हता. यात शाळेच्या जुन्या आठवणींचा वाटा किती, ते मी विचारलं नाही.

तरुणांचं म्हणणं सोपं होतं: पळून गेल्या. कोणाबरोबर, हा तपशील गौण.

मग चकवा. रानात माणसाला चकवा लागला की तो तिथल्या तिथं फिरत राहतो, ओळखीची वाट अनोळखी होते, हाका ऐकू येतात पण दिशा कळत नाही. जवळजवळ प्रत्येक घरात चकव्याचा एक अनुभव आहे. माझ्या वडिलांनाही लागला होता, घराहून दोन फर्लांगावर. आणि शेवटी साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. डोहावर दुपारी पोरगी दिसली आणि मनात भरली की बोलावतात. तिथं त्रास नसतो म्हणे. जाणारीला दु:ख होत नाही, ती हसतच जाते. हे सांगणाऱ्या म्हातारीनं मिरांडाचं हसणं बरोबर टिपलं होतं. "ते पोरगी आधीच गेली होती," ती म्हणाली, "पहाडीवर नुसतं आंग नेलं तिनं."

एक प्रश्न असा आला की त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आमच्या गोंड मोहल्ल्यातला एक मुलगा, वनरक्षक भरतीची तयारी करणारा, त्यानं विचारलं, "त्या पहाडीवर आधी कोन राहत होते, सर?" मी वाचून त्याला सांगितलं. ती पहाडी तिथल्या मूळ रहिवाशांच्या तीन समूहांच्या सीमेवरची, त्यांच्यासाठी महत्त्वाची जागा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांना तिथून हुसकावलं गेलं. 2017 मध्ये तिथल्या एका कलावतीनं 'मिरांडा मस्ट गो' नावाची मोहीमच काढली: कल्पनेतल्या गोऱ्या मुलींसाठी लोक पहाडीवर जाऊन हाका मारतात, आणि जे खरोखर नाहीसे केले गेले त्यांचं नावही घेत नाहीत. त्यानं ऐकून घेतलं. "सिनेमात ते दिसले नाही का?" शोधपथकात एक मागकाढ्या दिसतो, मी म्हणालो, थोडा वेळ. "हां," तो म्हणाला, "तेवढाच दिसन." सिनेमा मला अतिशय आवडत असूनही त्या 'हां'पुढे मला त्याची बाजू घेता आली नाही.

दुसरा खेळ

दहाव्या दिवशी मी राहिलेला भाग दाखवायचं ठरवलं. नुसती पाच मिनिटं दाखवून काय उपयोग, म्हणून शेवटचा पाऊण तास. लोक पहिल्या वेळेच्या दुप्पट आले. शेजारच्या गावातून ट्रॅक्टरवर बसून आले. ज्यांनी पहिला भाग पाहिलाच नव्हता त्यांना बाकीच्यांनी सगळी गोष्ट आपापल्या तर्कासह आधीच सांगून ठेवली होती. लाइटचा भरवसा नको म्हणून भजनी मंडळानं जनरेटर आणला.

या पाऊण तासात ते व्यायामशाळेचं दृश्य आहे. सापडलेली मुलगी, इर्मा, बरी होऊन निरोप घ्यायला शाळेत येते. अंगावर लालभडक झगा. आधी सगळ्या थिजल्यासारख्या बघतात आणि मग तिच्यावर तुटून पडतात: सांग, सांग, त्या कुठं आहेत, तुला माहीत आहे. पहिल्या रात्री या दृश्याकडे मीही फारसं लक्ष दिलं नव्हतं. या वेळी बायकांच्या रांगेतून मोठ्यानं आवाज आला, "मारू नका म्हना व तिले! तिले खरंच मालूम नाही."

ती बाई कोण हे गावाला माहीत होतं, म्हणून कोणी हसलं नाही. तिचा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो परत आला नाही. टोळीतले बाकीचे आले. तो ज्याच्याबरोबर निघाला होता तो सोबती एकटा उतरला तेव्हा सगळा गाव त्याच्याभोवती जमला होता आणि त्याला हेच विचारत होता, याच आवाजात. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो माणूस वर्षभरात गाव सोडून गेला. ज्याची सात वर्षं काहीच खबर नाही तो मेला असं कायदा धरतो, हे पोलीस पाटलांनी तिला केव्हाच समजावलं आहे. सात वर्षं होऊन गेली आहेत. ती अजून कुंकू लावते आणि रेशन कार्डावरचं नाव काढू देत नाही.

तीस वर्षं मी या सिनेमात चुकीच्या जागी बघत होतो, हे मला त्या रात्री कळलं. पहाडीवर काय झालं हे सिनेमाचं रहस्य मी समजत होतो. पण पहाडी साधारण पहिल्या एक तृतीयांश भागातच संपते, त्यानंतरचा सगळा सिनेमा मागे राहिलेल्यांचा आहे. उत्तर नसलेला प्रश्न घरात येऊन बसला की घराचं काय होतं, ते तो बघत बसतो. कोणी रागावतं, कोणी पितं, कोणी रात्री पुन्हा पहाडीवर जातं, कोणी परत आलेलीवरच धावून जातं.

त्याच ओघात आणखी एक गोष्ट आहे, ती त्या रात्री दोघी-तिघींनी पकडली. सारा आपल्या भावाची आठवण काढते, अनाथाश्रमात ताटातूट झालेला. आणि तिकडे शोधात भाग घेणारा अल्बर्ट नावाचा घोडेवाला आपल्या बहिणीबद्दल बोलतो. तीही अनाथाश्रमातली. दोघं एकाच परिसरात आहेत. ती मरते त्या सुमारास त्याला स्वप्नात बहीण दिसते. दोघांना शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याला कळतं, पण सांगणार कोणाला? या दृश्यावर मात्र बायका रडल्या, अगदी झाडीपट्टीच्या नाटकात रडतात तशा, पदर तोंडाला लावून.

शेवट आला. मालकीणबाई पहाडीच्या पायथ्याशी मेलेल्या सापडल्या असं निवेदक सांगतो, आणि पडद्यावर पुन्हा ती सहल येते, संथ गतीत, उन्हात. मिरांडा वळून हात हलवते, पुढे निघते. संपलं.

कोणी उठेना. जनरेटर चालू होता. एक काकाजी म्हणाले, "पुढं लावा." पुढं नाही, मी म्हणालो. "नाही कसं? पुन्हा तेच दाखवून रायले म्हंजे आता सांगतील." मी डिस्क काढून हातात दाखवली.

चूक

सगळेच शांतपणे गेले नाहीत. एकजण जाता जाता प्लास्टिकची खुर्ची लाथेनं उडवून गेला. मला वीअरनं सांगितलेला किस्सा आठवला: परदेशात सिनेमा वितरकांना दाखवला तेव्हा एकानं हातातला कॉफीचा कप पडद्यावर भिरकावला, उत्तरच नसलेल्या रहस्यात आपले दोन तास गेले म्हणून. आमची खुर्ची त्या कपाच्या मानानं बरीच सौम्य.

पण गावातली कुरबुर थांबेना. गुरुजींना माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर मला माहीत होतं.

लिंडसेबाईंनी कादंबरीला आणखी एक, अठरावं प्रकरण लिहिलं होतं. त्यात पहाडीवर काय झालं ते आहे. छापण्याआधी प्रकाशनसंस्थेकडून सूचना आली की हे वगळावं, आणि त्यांनी ते वगळलं. 1984 मध्ये त्या वारल्या, आणि 1987 मध्ये ते प्रकरण वेगळं पुस्तक म्हणून निघालं. त्या हयातभर ही घटना खरी की काल्पनिक याचंही सरळ उत्तर देत नसत. मी कॅलेंडर काढून पाहिलं आहे: कादंबरीत 14 फेब्रुवारी 1900 हा शनिवार म्हटला आहे, प्रत्यक्षात त्या दिवशी बुधवार होता.

वैशाखात एका संध्याकाळी मी वाचनालयात बैठक बोलावली आणि ते प्रकरण सांगितलं. पंचवीस-तीस माणसं होती, सगळी पक्की.

गोष्ट अशी. मुलींना वर एक बाई भेटते, त्यांच्या गणिताच्या बाईच, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. मुली आपल्या आवळ कंचुक्या काढून कड्यावरून फेकतात आणि त्या हवेतच अधांतरी थांबतात. हवेत एक भोक दिसतं. एक साप बिळात जातो, त्याच्यामागून बाई खेकड्यासारखा जीव होऊन आत शिरते, मग मॅरियन, मग मिरांडा. इर्मा आपली पाळी येईपर्यंत थांबते. तेवढ्यात वरून दगड घसरतो आणि भोक बुजतं. ती दगडावर नखं मारत राहते.

पाटलांनी आपली वही उघडली. तुटलेली नखं जुळली. सापडलेल्या इर्माच्या अंगावर नसलेली कंचुकी जुळली. गणिताच्या बाईवरचा संशयही एका अर्थी खरा निघाला. त्यांचे तीन मुद्दे निकाली लागले आणि त्यांनी वही मिटली. चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "असं आहे का," एवढंच म्हणाले.

कोणी वाद घातला नाही. वाघवाले, चकव्यावाले, पळून गेल्यावाले, सगळे एकदम गप्प. साती आसरा सांगणाऱ्या म्हातारीनं विचारलं, "हे कोनं पाहालं?" कोणीच नाही, मी म्हणालो, लेखिकेनं लिहिलं. "मंग तिले कसं मालूम?" आणि ती उठून गेली. तर्क काय हो, तीही आसरांची गोष्ट सांगतच होती की, तिनं तरी कुठं पाहिलं होतं? पण तिची गोष्ट ती स्वतः उघडी ठेवून सांगत होती, 'म्हणे' लावून. माझी पुस्तकातून आलेली, शिक्का मारलेली. त्या 'म्हणे'त प्रत्येकाला आपलं माणूस बसवता येत होतं. खेकड्यात कोणाला बसवणार?

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर आयपीएलचं चाललं होतं. आठवड्यात विषय मेला. सहा आठवडे जी गोष्ट गाव चघळत होतं ती मी अर्ध्या तासात संपवली.

आता वाटतं, त्या सूचना करणाऱ्याची जाण आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा मोठी होती. आणि लिंडसेबाईंची त्याहून मोठी, कारण लिहिलेलं कापणं सोपं नसतं. वीअरनंही 1998 मध्ये आपल्या सिनेमाची नवी आवृत्ती काढली ती सुमारे सात मिनिटं कमी करून. दिग्दर्शकाच्या आवृत्त्या सहसा फुगतात, ही आटली. मी मात्र वाढवून बसलो. माझं चुकलं ते उत्तर सांगण्यात, की लोकांच्या दबावाला भिण्यात, यावर ग्रंथपालांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, सांगायलाच हवं होतं, नाहीतर गावानं तुम्हाला खोटारडा ठरवलं असतं. असेल. पण लपवणारा गुरुजी हाही त्या गोष्टीचाच एक भाग झाला होता, आणि तो भाग मी काढून घेतला.

मिरचीवाली बाई त्या बैठकीला नव्हती. तिला कोणी सांगितलं की नाही ठाऊक नाही. पुढे एकदा ती वाचनालयात वर्तमानपत्र परत द्यायला आली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, ते लाल झग्याची पोरगी पुढं कुठं गेली?" मी म्हणालो, घरी, युरोपात. "कोनी विचारलं नसन ना तिले तिथं?" नसेल, मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पेपर कप्प्यात नीट लावून ठेवला.

ज्येष्ठात पुढचा सिनेमा ठरवायची बैठक झाली. मी तीन नावं सुचवली. प्रत्येक नावाला पहिला प्रश्न तोच आला: "गुरुजी, याले शेवट आहे ना?" आहे, मी म्हणालो, तिन्हींना आहे. मग एक विनोदी सिनेमा ठरला. पाऊस नव्हता, रोवणीला अवकाश होता, लाइटही राहिली. वीसेक माणसं आली, आणि त्यांतली निम्मी मध्यंतरात गेली.